लास्टिंगहॅम : एका मठाच्या गांवाची हकीकत

इंग्लंडचा इतिहास म्हटला म्हणजे राजे, त्यांच्या लढाया, पार्लमेंट आणि लंडन शहर हींच आपल्या डोळ्यांपुढें उभीं राहतात. परंतु देशाचा इतिहास जसा राजवाड्यांत घडतो तसाच तो खेड्यांतही घडत असतो. किंबहुना कित्येक वेळां असें दिसतें कीं, राजवाडे पडले, राजांचीं नांवें लोक विसरले, आणि एखाद्या आडरानांतील खेड्यानें मात्र तेरा शतकें आपली आठवण जतन करून ठेविली. असें एक खेडें इंग्लंडच्या उत्तर भागांत, यॉर्कशायर परगण्यांत आहे. त्याचें नांव लास्टिंगहॅम. विद्यार्थिमित्रहो, त्या गांवाची हकीकत आज तुम्हांला सांगण्याचें योजिलें आहे.

यॉर्क शहराच्या उत्तरेस एक विस्तीर्ण व उंच माळरान पसरलेलें आहे. अशा माळास तिकडे मूर असें म्हणतात. तेथें मोठीं झाडें थोडीं. हीथर नांवाचें खुरटें झुडूप मात्र जिकडे तिकडे. उन्हाळ्याच्या अखेरीस तें फुललें म्हणजे डोंगरच्या डोंगर जांभळे दिसूं लागतात. हिवाळ्यांत तेथें बोचरा वारा, दाट धुकें आणि बर्फ. या माळाच्या दक्षिण कडेस, पिकरिंग नांवाच्या बाजारपेठेच्या वायव्येस, एका खोलगट जागीं लास्टिंगहॅम वसलेलें आहे. कांहीं दगडी घरें, त्यांवर तांबड्या कौलांचीं छपरें, जवळून वाहणारा एक ओढा, दोन-तीन झरे, आणि या सर्वांच्या वर चढणीवर एक जुनें ख्रिस्तमंदिर, एवढाच या गांवाचा पसारा. परंतु या मंदिराच्या खालीं जें आहे, तें पाहण्यासाठीं दूरदूरचे लोक येथें येतात. तें काय, हें पुढें येईलच.

इसवी सनाच्या सातव्या शतकांत इंग्लंड हें एक राज्य नव्हतें. तेथें लहान लहान अनेक राज्यें होतीं व त्यांतील पुष्कळ लोक अजून जुन्या दैवतांना भजत असत. उत्तरेकडील नॉर्थंब्रिया राज्यांत समुद्रकांठीं लिंडिसफार्न नांवाचें बेट आहे. तेथें आयडन नांवाच्या आयरिश परंपरेंतील साधूनें इ. स. ६३५ मध्यें मठ स्थापन केला. मठ म्हणजे नुसतें ध्यानधारणेचें स्थान नव्हे. तीच त्या काळची शाळा, तेंच ग्रंथालय, तोच दवाखाना आणि तीच धर्मशाळा. सेड, सिनिबिल, सीलिन व चॅड हे चार सख्खे भाऊ या परंपरेंत वाढले. चौघेही धर्मोपदेशक झाले व त्यांतील दोघे, सेड व चॅड, पुढें बिशप झाले.

सेड हा दक्षिणेकडे, एसेक्स प्रांतांत, शुभवर्तमान सांगावयास गेला व तेथील लोकांचा बिशप झाला. परंतु आपल्या जन्मभूमीकडे त्याच्या फेऱ्या होत असत. नॉर्थंब्रियाच्या दक्षिण भागावर त्या वेळीं एथेलवाल्ड नांवाचा राजा राज्य करीत होता. सीलिन हा त्या राजाच्या घरचा उपदेशक असल्यामुळें राजाची व सेडची ओळख झाली. राजानें सेडला विनंति केली कीं, मठ बांधण्यासाठीं माझ्याकडून जमीन घ्या. म्हणजे मला तेथें येऊन प्रार्थना करितां येईल व मरणानंतर तेथेंच विसांवतां येईल. ही गोष्ट इ. स. ६५४ च्या सुमाराची.

राजा जमीन देतो म्हटल्यावर कोणीही नदीकांठची काळी जमीन मागून घेतली असती. सेडनें काय निवडलें? दूरच्या डोंगरांतील एक ओसाड जागा. जुना इतिहासकार सांगतो कीं, ती जागा मनुष्यांच्या वस्तीपेक्षां दरोडेखोरांच्या लपणीस व श्वापदांच्या गुहांसच अधिक शोभणारी होती. तिलाच आज आपण लास्टिंगहॅम म्हणतों.

पाया घालण्यापूर्वीं ती भूमि प्रार्थनेनें व उपवासानें शुद्ध करावी, अशी सेडच्या गुरूंची रीत होती. म्हणून ईस्टर सणापूर्वींचा चाळीस दिवसांचा उपवासकाळ तेथेंच राहून पाळण्याची त्यानें राजाकडे परवानगी मागितली. रविवार खेरीजकरून रोज तो संध्याकाळपर्यंत कांहीं खात नसे. आणि संध्याकाळीं घेई तें एवढेंच : थोडी भाकरी, कोंबडीचें एक अंडें आणि पाणी घातलेलें थोडें दूध. असे तीस दिवस गेले. दहा दिवस उरले असतां राजाचा जासूद आला. राज्याच्या कामासाठीं सेडला तांतडीनें बोलाविणें आलें होतें. आतां काय करावें? राजाज्ञा मोडतां येत नव्हती, आणि घेतलेलें व्रत सोडवत नव्हतें. सेडनें आपला भाऊ सिनिबिल यास सांगितलें कीं, माझे उरलेले दहा दिवस तूं पुरे कर. सिनिबिलनें आनंदानें तें मान्य केलें आणि राहिलेला उपवास व प्रार्थना पूर्ण केली. त्यानंतर मठाचें काम सुरू झालें.

वाचकहो, ही गोष्ट नीट ध्यानांत ठेवा. या गांवाच्या पहिल्या पायरीपाशींच एकानें आरंभ केला व दुसऱ्यानें शेवट केला. पुढें जें जें येथें घडलें त्या सर्वांत हेंच सूत्र आढळून येतें.

सेडनें कित्येक वर्षें एसेक्सचें बिशपपण व लास्टिंगहॅमचा मठ हीं दोन्हीं सांभाळलीं. इ. स. ६६४ मध्यें व्हिटबी येथें एक मोठी धर्मसभा भरली. ईस्टर सण कोणत्या दिवशीं पाळावा, यावर आयरिश रीतीचे लोक व रोमन रीतीचे लोक यांच्यांत वाद होता. त्या सभेंत दोन्हीं पक्षांचें बोलणें एकमेकांस समजावून सांगण्याचें दुभाष्याचें काम सेडनें मोठ्या दक्षतेनें केलें. त्याच वर्षीं देशांत भयंकर महामारी पसरली. सेड लास्टिंगहॅमला आला असतां तिनें त्याला गांठलें व तो तेथेंच मरण पावला. प्रथम त्याला उघड्यावर पुरलें. पुढें मठांत दगडी मंदिर बांधलें गेलें, तेव्हां त्याच्या अस्थि वेदीच्या उजव्या बाजूस ठेवण्यांत आल्या. मठाचा कारभार तो मरतांना चॅड या भावाच्या हातीं देऊन गेला.

सेड गेल्याची बातमी एसेक्समध्यें त्याच्या मठांत पोहोंचली. तेव्हां तेथील सुमारें तीस मठवासी निघाले. आपल्या गुरूच्या देहाजवळ राहावें, आणि देवाची तशी इच्छा असेल तर तेथेंच मरून त्याच्याजवळ विसांवावें, एवढाच त्यांचा हेतु. महामारीच्या दिवसांत ते इतका लांबचा प्रवास करून या डोंगरांत आले. लास्टिंगहॅमच्या बंधूंनीं त्यांचें प्रेमानें स्वागत केलें. परंतु थोड्याच काळांत ते सारे त्याच रोगानें मरण पावले. उरला फक्त एक लहान मुलगा.

हें वाचून मनास चटका बसतो. तीस जणांचें येणें व्यर्थ गेलें काय, असा प्रश्न उभा राहतो. परंतु या मुलाची पुढील हकीकत ऐका. तो मोठा झाला, मठांत शास्त्र शिकला. आणि शिकतां शिकतां त्याला कळून आलें कीं, आपला बाप्तिस्मा झालेलाच नाहीं! तेव्हां त्यानें बाप्तिस्मा घेतला, पुढें तो धर्मोपदेशक झाला व पुष्कळ लोकांच्या उपयोगी पडला. या मुलाचें नांव इतिहासांत नाहीं. त्याला वाढविणाऱ्यांचीं, त्याला अक्षर शिकविणाऱ्यांचींही नांवें नाहींत. परंतु महामारीच्या वर्षीं, प्रत्येक घरांत मरण असतांना, कोणीतरी एका पोरक्या मुलाच्या तोंडीं घांस घातला व त्याच्या हातीं पुस्तक दिलें, एवढें मात्र निश्चित आहे.

चॅडच्या वेळची एक हकीकत तर प्रत्येक शाळेंत सांगण्याजोगी आहे. ओविन नांवाचा एक मोठा अधिकारी होता. तो एथेलथ्रिथ राणीच्या सरदारांत प्रमुख असून तिच्या घरचा सारा कारभार पाही. त्यानें सर्व वैभव सोडलें, साधीं वस्त्रें नेसलीं आणि तो लास्टिंगहॅमच्या दाराशीं येऊन उभा राहिला. त्याच्या हातांत काय होतें? एक कुऱ्हाड व एक वाकस! आपण येथें आयतें बसून खाण्यास आलों नाहीं, कष्ट करण्यास आलों आहों, हें त्यानें एक शब्दही न बोलतां दाखविलें. ग्रंथांचा अभ्यास करण्याची त्याची शक्ति बेताची होती. म्हणून इतर बंधु आंत बसून वाचीत असत, तेव्हां तो बाहेर जें काम पडेल तें करी. मठानें त्याला कमी लेखलें नाहीं. पुढें चॅडचें मरण जवळ आलें तेव्हां जो अद्भुत अनुभव आला, तो या ओविनलाच आला असें सांगतात. बाहेर तो काम करीत असतां त्याला स्वर्गीय गायन ऐकूं आलें. आणि त्याचा अर्थ चॅडनें स्वतः त्याला समजावून सांगितला. ज्या पालकांना आपल्या मुलाचें मन पुस्तकांत रमत नाहीं म्हणून काळजी वाटते, त्यांनीं या ओविनची आठवण ठेवावी. एकाच मठाच्या भिंतीखालीं पुस्तकही चालत होतें आणि वाकसही चालत होता. दोन्हींवांचून मठ उभा राहिला नसता.

चॅडचा स्वभाव अत्यंत नम्र होता. त्याला यॉर्कचा बिशप नेमलें होतें. परंतु इ. स. ६६९ मध्यें थिओडोर हा नवा आर्चबिशप इंग्लंडांत आला. हा पौल प्रेषिताच्या तार्सस गांवचा. चॅडची नेमणूक नियमास धरून झाली नाहीं, असें त्यानें म्हटलें. चॅडनें वाद घातला नाहीं. मी या पदास योग्य आहें असें मला कधींच वाटलें नव्हतें, असें सांगून त्यानें तें सोडलें व तो लास्टिंगहॅमला परत आला. या नम्रतेचा थिओडोरवर इतका परिणाम झाला कीं, लवकरच त्यानें चॅडला मर्सिया राज्याचा बिशप नेमलें. चॅड नेहमीं पायींच फिरे. लांबच्या प्रवासास घोड्यावर बसावें असें सांगूनही तो ऐकेना, तेव्हां आर्चबिशपनें त्याला आपल्या हातांनीं उचलून घोड्यावर बसविलें! लिचफील्ड येथें राहून चॅडनें कार्य केलें व इ. स. ६७२ च्या २ मार्च रोजीं तो मरण पावला.

या सर्व गोष्टी आपणांस कोठून कळल्या? त्या काळीं इंग्लंडच्या ईशान्य किनाऱ्याजवळ जॅरो येथील मठांत बीड नांवाचा महापंडित राहत होता. (हें नांव वाचून आपल्या मराठवाड्यांतील बीड शहराची आठवण होईल, परंतु दोहोंचा कांहीं संबंध नाहीं.) त्यानें इ. स. ७३१ मध्यें इंग्रज लोकांच्या ख्रिस्ती मंडळीचा इतिहास लॅटिन भाषेंत लिहून पुरा केला. ही माहिती आपणांस कोणी दिली, हें तो प्रस्तावनेंत प्रामाणिकपणें सांगतो. आणि सेड व चॅड यांचें जीवन, त्यांचें मरण व त्यांचें कार्य हीं लास्टिंगहॅमच्या बंधूंनीं कळविलीं, असें त्यानें स्पष्ट नमूद केलें आहे. इतकेंच नव्हे, तर चॅडच्या मठांत वाढलेला ट्रंबर्ट हा बीडच्या गुरूंपैकीं एक होता. म्हणजे सेड व चॅड यांनीं केलें तें त्यांच्या शिष्यांनीं स्मरणांत ठेविलें, आणि शिष्यांनीं स्मरणांत ठेविलें तें बीडनें लिहून काढलें. या सांखळीचा एक दुवा जरी निसटला असता, तरी आज आपणांस ओविनची कुऱ्हाड दिसली नसती.

यानंतर गांवाच्या इतिहासावर पडदा पडतो. नवव्या शतकांत डेन लोकांच्या स्वाऱ्यांनीं उत्तर इंग्लंडांतील पुष्कळ मठ उद्ध्वस्त झाले. लास्टिंगहॅमचा जुना मठही नाहींसा झाला. कोरीव क्रूसांचे तुकडे, एका प्रचंड क्रूसाचा माथा, आणि डुकराच्या पाठीसारखा कमानदार असा, डेन लोकांच्या वेळचा थडग्याचा दगड, एवढे अवशेष मात्र राहिले आहेत. ते त्या दोन-अडीच शतकांची मुक्यानें साक्ष देतात.

इ. स. १०७८ मध्यें पुनः एकदां कुऱ्हाडीचा व टांकीचा आवाज येथें घुमला. व्हिटबी येथील मठाधिपति स्टीफन कांहीं बंधूंसह तेथील जाच सोडून लास्टिंगहॅमला आला. विल्यम राजानें नुकताच सारा उत्तर प्रांत जाळून बेचिराख केला होता, सगळीकडे वैराण. अशा काळांत स्टीफननें सेडच्या समाधिस्थानीं मोठें मंदिर बांधावयास घेतलें. प्रथम त्यानें जमिनीखालीं एक मंदिर बांधलें. प्रारंभीं ज्याचा उल्लेख केला तें हेंच. वरच्या मंदिरांतून दगडी पायऱ्या उतरून आपण खालीं जातों, तों ठेंगणे, जाडजूड खांब, त्यांवर दगडी कमानींचें छत, पूर्वेस अर्धवर्तुळाकार गाभारा आणि दोन्हीं बाजूंस अरुंद पाखे, असें एक संपूर्ण लहानसें मंदिरच समोर दिसतें. सुमारें साडेनऊशें वर्षें लोटलीं, तरी त्यांत फारसा बदल झालेला नाहीं.

परंतु स्टीफनचेंही काम अपुरेंच राहिलें. हा प्रदेश ओसाड आणि असुरक्षित. म्हणून दहा-बारा वर्षांच्या आंतच तो आपल्या बंधूंसह यॉर्क शहरीं गेला व तेथें त्यानें सेंट मेरीचा मठ स्थापन केला. हा मठ पुढें उत्तर इंग्लंडांतील अत्यंत श्रीमंत मठांपैकीं एक झाला. लास्टिंगहॅमला वरच्या मंदिराचा पूर्वेकडील भाग तेवढा अर्धवट उभा राहिला. पुढें तेराव्या शतकांत तेवढ्यालाच पश्चिमेकडून भिंत घालून व पाखे जोडून गांवकऱ्यांनीं त्याचें आपल्या उपासनेचें मंदिर करून घेतलें.

आतां कालाचा न्याय पाहा. आठव्या हेन्री राजानें इंग्लंडांतील सारे मठ मोडले, त्यांत इ. स. १५३९ मध्यें यॉर्कचा तो वैभवशाली मठही बंद झाला. आज तेथें एका बागेंत त्याच्या पडक्या भिंती उभ्या आहेत आणि लोक त्या पाहून जातात. लास्टिंगहॅमचें अर्धवट टाकलेलें मंदिर मात्र गांवाचें होतें. म्हणून तें वांचलें. तेथें अजून उपासना होते, मुलांचे बाप्तिस्मे होतात, लग्नें लागतात. जें पुरें झालें तें पडलें, आणि जें अपुरें होतें तें राहिलें. कारण त्याची काळजी वाहणारे लोक जवळ होते.

या गांवानें पुढेंही आपली परंपरा सोडली नाहीं. इ. स. १७७८ मध्यें येथील एका शिंप्याच्या घरीं जॉन जॅक्सन नांवाचा मुलगा जन्मला. बापाचा धंदा शिकत असतांच त्याला चित्रें काढण्याचा नाद लागला. गुणग्राहक लोकांच्या साह्यानें तो लंडनला गेला, नामांकित चित्रकार झाला, आणि रॉयल अकॅडमीचा सभासद झाला. परंतु तो गांवाला विसरला नाहीं. कोरेज्जो या इटालियन चित्रकाराच्या गेथशेमाने बागेंतील ख्रिस्ताच्या चित्राची नक्कल करून त्यानें ती आपल्या गांवच्या मंदिरास अर्पण केली.

दुसरें नांव डॉक्टर सिडनी रिंगर यांचें. रुग्णालयांत आजाऱ्याच्या शिरेंत थेंबथेंब सोडतात त्या औषधी पाण्याच्या बाटलीवर ‘रिंगर लॅक्टेट’ अशीं अक्षरें तुमच्यांपैकीं कित्येकांनीं पाहिलीं असतील. त्यांतील रिंगर ते हेच. शरीराबाहेर काढलेलें बेडकाचें हृदय धडधडत ठेवण्यास पाण्यांत कोणते क्षार किती प्रमाणांत असावे लागतात, हें त्यांनीं १८८२-८३ च्या सुमारास शोधून काढलें. या डॉक्टरांची लहान मुलगी वारली. तिच्या स्मरणार्थ त्यांनीं लास्टिंगहॅमच्या मंदिराचा जीर्णोद्धार करविला. पिअर्सन या प्रसिद्ध शिल्पज्ञानें वरच्या मंदिरास दगडी कमानींचें छत घातलें व तें काम १८७९ मध्यें पुरें झालें. म्हणजे स्टीफननें आरंभिलेल्या मंदिरावर योग्य छत चढावयास आठशें वर्षें लागलीं. आणि तें चढविलें एका शोकग्रस्त पित्यानें. १९१० मध्यें रिंगर वारले, तेव्हां त्यांनाही याच गांवीं मूठमाती देण्यांत आली.

विद्यार्थिमित्रहो, या हकीकतींतील कोणत्याही मनुष्यानें आपलें काम स्वतःच्या हातानें शेवटास नेलें नाहीं. सेडचा उपवास सिनिबिलनें पुरा केला. सेडचा मठ चॅडनें चालविला. तीस जणांमागें एक मुलगा राहिला व त्यानें त्यांच्या वांट्याची सेवा केली. चॅडची आठवण बीडनें लिहिली. स्टीफनचें मंदिर गांवकऱ्यांनीं राखलें व रिंगरनें सजविलें. पेरणाऱ्याविषयीं व कापणाऱ्याविषयीं प्रभूनें आपल्या शिष्यांस जें सांगितलें, त्याचें हें प्रत्यक्ष उदाहरण आहे.

आम्हां शिक्षकांना तर याचा अनुभव दरवर्षीं येतो. वर्ष संपतें, वर्ग रिकामा होतो, आणि कित्येक धडे अपुरेच राहिलेले असतात. कोणा मुलाचें गणित कच्चें राहतें, कोणाचा भित्रेपणा जात नाहीं. तेव्हां मन खिन्न होतें. परंतु आपले उरलेले दहा दिवस पुरे करणारा कोणीतरी आहे, हा विश्वास धरून आपण आपले तीस दिवस मनोभावें पाळावे, एवढेंच मनुष्याच्या हातीं आहे. आईबापांनींही हाच विश्वास धरावा. आणि तुम्ही मुलांनीं हें लक्षांत ठेवावें कीं, तुमच्या हातीं आज जें पुस्तक किंवा जें हत्यार आलें आहे, तें कोणाच्या तरी अपुऱ्या राहिलेल्या कामाचा तुम्हांला मिळालेला वांटा आहे. तो आनंदानें उचला.